शरणपूरचे बिऱ्हाड

डेक्कन जिमखान्यावरून पश्चिमेकडे निघालेला कर्वे रस्ता पौड फाटा मागे टाकून कोथरूडात शिरतो आणि महर्षींच्या पुतळ्यापाशी किंचित घुटमळून पुढे जातो. त्या थांब्यावर उतरणाऱ्या माणसांना ‘कर्वे पुतळा’ ही केवळ एक खूण असते, आणि त्यात त्यांचा दोषही नाही, कारण गावाची वस्ती वाढली की माणसांची नावे थांब्यांना चिकटतात व चरित्रे गळून पडतात. पण ज्याला तासभर सवड आहे त्याने तेथून हिंगण्याच्या, म्हणजे आजच्या कर्वेनगरच्या, बाजूला वळावे. रावबहादूर गणेश गोविंद गोखले यांनी दिलेल्या ६ एकर माळावर, त्यांच्याच ७५० रुपयांच्या देणगीतून, धोंडो केशव कर्वे यांनी १९०० साली जी झोपडी उभी केली आणि पुण्याहून हलविलेल्या मूठभर विधवांचे बिऱ्हाड जिच्यात थाटले, ती झोपडी त्यांच्या संस्थेने जपून ठेवली आहे. मी कोथरूडचा रहिवासी, आणि परगावचा पाहुणा आला की त्याला दशभुजा गणपतीच्याही आधी ही झोपडी दाखविण्याची मला खोड आहे.

अशाच एका पाहुण्याने परतीच्या वाटेवर मला एक प्रश्न केला. तो नुकताच अमेरिकेत मुलाकडे राहून आला होता, आणि तेथे इंडियाना प्रांतात लेव्ही कॉफिन नावाच्या एका धर्मनिष्ठ व्यापाऱ्याचे विटांचे घर त्याने पाहिले होते. दक्षिणेकडील मळ्यांतून पळालेले गुलाम कॅनडाच्या वाटेवर ज्या घरांत रात्रीचा आसरा घेत, त्यांतले हे एक प्रसिद्ध घर. आता तेथे वस्तुसंग्रहालय आहे. आपल्या महाराष्ट्रात दास्यातून सुटलेल्यांचे असे एखादे घर होऊन गेले काय, असे त्याने विचारले, आणि मी ‘नाशिक’ म्हणताच तो हसला. नाशिक म्हटले की रामकुंड, द्राक्षे आणि कुंभमेळा. गुलामांचा आणि गोदातीराचा संबंध काय, असा भाव त्या हसण्यात होता. तो संबंध पाहुण्याला रिक्षात बसून सांगता येण्याइतका लहान नव्हता, म्हणून येथे लिहीत आहे.

नाशिक शहरात आज शरणपूर रोड या नावाचा एक गजबजलेला रस्ता आहे. दवाखाने, वकिलांच्या कचेऱ्या, शिकवण्या आणि कपड्यांची दुकाने यांच्या पाट्यांवर हे नाव रोज वाचले जाते, पण येथे कोण कोणाला शरण आले होते हे विचारण्याचे कारण सहसा पडत नाही. चर्च मिशनरी सोसायटी या इंग्लंडातील संस्थेने १८३२ साली नाशिकात काम सुरू केले, आणि १८५४ साली विल्यम सॉल्टर प्राइस या पाद्र्याने गावाबाहेर एक ख्रिस्ती वसाहत वसवून तिला शरणपूर असे नाव दिले. बायबलात ज्या आश्रयनगरांचा उल्लेख आहे, जेथे पळून आलेल्याला सूड घेणाऱ्याच्या हातून अभय मिळे, त्यांचे हे मराठी रूपांतर. ज्याने ही शब्दयोजना केली त्याला भाषेचे अंग खचितच होते. आपल्या आजच्या बोलीत ‘शरण’ म्हटले की शस्त्र खाली ठेवलेला, मान तुकविलेला माणूस डोळ्यांपुढे येतो. परंतु अमरकोशाने या शब्दाचे जे अर्थ दिले आहेत ते दोन, घर आणि रक्षणकर्ता. मराठीने त्यातला पराभव तेवढा ठेवून घेतला आणि घर हरवून टाकले. शरणपुरात हे तिन्ही अर्थ एकाच वेळी नांदत होते, आणि त्यांतला कोणता खरा हे तेथे राहणाऱ्यांनाही आयुष्यभर पुरते ठरविता आले असेल, असे वाटत नाही.

या शरणपुरात दास्यातून सुटलेली आफ्रिकेची मुले राहत होती. ती नाशिकला आली कशी, हे आता सांगितले पाहिजे. एकोणिसाव्या शतकात पूर्व आफ्रिकेच्या अंतर्भागातून, विशेषतः न्यासा सरोवराच्या आसपासच्या मुलखातून, माणसे पकडून किनाऱ्यावर आणीत. झांझिबारच्या बाजारात त्यांचा सौदा होई, आणि तेथून अरबी गलबतांतून ती मस्कत, इराणचे आखात व अरबस्तान येथे रवाना होत. मस्कतच्या सुलतानाशी १८२२ आणि १८४५ साली करार करून इंग्रजांनी या व्यापाराला बांध घातला खरा, पण कागदावरचा बांध समुद्रात कितीसा टिकणार? म्हणून आरमाराची जहाजे गस्त घालीत, संशयित गलबत अडवीत, आणि त्याच्या पोटात कोंबलेली माणसे, ज्यांत लहान मुलांचा भरणा फार असे, सोडवून नेत. सोडविलेल्यांना परत त्यांच्या गावी पोचविणे अशक्यच होते. कित्येक मुलांना गावाचे नावही सांगता येत नसे, आणि सांगता आले तरी त्या वाटेवर पुन्हा तेच व्यापारी टपलेले असत. तेव्हा कोणाला एडनला उतरवीत, कोणाला सेशल्स बेटांवर, आणि कोणाला मुंबई बंदरात. मुंबईत ही माणसे पोलीस कमिशनरच्या ताब्यात जात, आणि तो त्यांची वाटणी करी: काही कुटुंबांच्या घरी नोकर म्हणून, काही गोदीत व जहाजांवर, आणि पोरकी मुले मिशनांच्या स्वाधीन. ज्या सरकारने त्यांना मुक्त केले त्याच सरकारच्या दप्तरात ती अशी सामानासारखी रुजू होत होती, हे मनात धरूनच पुढची कथा वाचली पाहिजे.

हा सगळा अरबांचा आणि इंग्रजांचा मामला, आपण आपले काठावर उभे, अशी समजूत मात्र कोणी करून घेऊ नये. झांझिबारच्या जकातीचा इजारा दीर्घकाळ कच्छच्या जयराम शिवजी यांच्या पेढीकडे होता, आणि हस्तिदंत, लवंग व माणसे यांच्या उलाढालीला लागणारे भांडवल बऱ्याच अंशी हिंदी सावकारांकडून येई. आणि घरचे म्हणावे तर पेशवाईच्या दप्तरांत कुणबिणींच्या खरेदीविक्रीच्या नोंदी काय कमी आहेत? बटीक, कुणबीण, पोर हे शब्द तेव्हा शिव्या नव्हते, हिशेबाच्या बाबी होत्या. व्यभिचाराचा आरोप आलेल्या स्त्रीला सरकारी कुणबीण करून पागेत किंवा कोठीवर जुंपीत, आणि तिच्या मुलांचेही भवितव्य तेथेच ठरे. कंपनी सरकारच्या १८४३ च्या कायद्याने दास्याला अदालतीचा आधार राहिला नाही, आणि १८६० च्या दंडसंहितेने माणसाची खरेदीविक्री हा फौजदारी गुन्हा ठरविला. शरणपूरची वसाहत उभी राहिली तेव्हा नाशिक-पुण्याच्या वाड्यांतून कुणबिणीची आठवण असलेली माणसे हयात होती. समुद्रापलीकडून आलेल्या त्या मुलांना आपल्या लोकांनी कोणत्या नजरेने पाहिले असेल, याचा अंदाज यावरून करावा.

मिशनच्या स्वाधीन झालेल्या या मुलांसाठी शरणपुरात आफ्रिकन आश्रम होता. तेथे मुलांना अक्षरओळख, इंग्रजी आणि बायबल शिकवीत, व त्याबरोबर लोहारकाम, सुतारकाम असे हाताचे धंदेही. मुंबईत आणि मग नाशिकात या मुलांमध्ये काम करणाऱ्यांत इझेनबर्ग नावाचा एक जर्मन पाद्री होता, जो आधी हबसाणात, म्हणजे इथिओपियात, राहिला होता आणि ज्याने अम्हारी भाषेचा कोश रचला होता. म्हणजे आफ्रिकेची एक भाषा जाणणारा एक तरी माणूस त्यांच्या वाट्याला आला, जरी ती भाषा त्यांच्यापैकी फारच थोड्यांची असेल. मुलांची मूळ नावे बाप्तिस्म्याच्या पाण्याबरोबर वाहून गेली. नव्या नावांची यादी वाचताना मला नेहमी थबकावेसे वाटते: सायमन प्राइस, रिचर्ड इझेनबर्ग, कारुस फॅरर. प्राइस हा वसाहतीचा संस्थापक, इझेनबर्ग तो कोशकार, आणि फॅरर हे नाशिकच्या मिशनच्या आरंभीच्या पाद्र्याचे नाव, ज्याचा मुंबईत जन्मलेला मुलगा पुढे कँटरबरीचा डीन झाला. दत्तक विधानात बापाचे नाव मिळते तसे हे नाव. फरक इतकाच की, दत्तकाला नावाबरोबर वतनही मिळते. मॅथ्यू वेलिंग्टन या मुलाचे आपल्या याओ जमातीतले नाव चेंग्विंबे होते, त्याला आधी एडनला आणि मग नाशिकला आणले होते, आणि नाव मिळाले ते ज्या सेनापतीने असईच्या रणांगणावर मराठ्यांचा पाडाव केला त्याचे! गोदावरीच्या काठी बसून चेंग्विंबेचा वेलिंग्टन होतो, हा इतिहासाचा विनोद कडवट आहे खरा, पण तो विनोदच आहे.

१८६४ च्या जून महिन्यात डेव्हिड लिव्हिंग्स्टन हा प्रवासी झांझिबारहून ‘लेडी न्यासा’ नावाची आपली छोटी आगबोट स्वतः हाकीत मुंबईस आला. ती विकावयाची होती, पण झांझिबारला विकली तर ती गुलामांच्या व्यापारात लागेल या भयाने त्याने पावसाळा तोंडावर असताना समुद्र ओलांडला. (बोट अखेर मुंबईत विकली गेली, आणि तिचे पैसे ज्या पेढीत ठेवले होते ती बुडाली, तो काळ मुंबईत शेअरांच्या वेडाचा होता.) बरोबर आणलेल्या चुमा आणि विकातानी या दोन मुलांना त्याने डॉ. जॉन विल्सन यांच्या मुंबईतील शाळेत ठेवले. पुढल्या वर्षी, थळघाटातून लोहमार्ग खुला झालेला होता तेव्हा, तो पुन्हा आला, नाशिकला गेला आणि शरणपूरच्या शाळेतून नऊ तरुण निवडून घेतले. १८६६ च्या जानेवारीच्या आरंभी ही मंडळी मुंबईहून निघाली. ज्या खंडातून त्यांना बांधून आणले होते त्याच खंडात ती आता पगारी नोकर म्हणून उतरणार होती.

लिव्हिंग्स्टनने रोजनिशीत या ‘नासिकच्या मुलां’विषयी जे लिहिले आहे ते फारसे गौरवाचे नाही, आळशी, कामचुकार अशी त्याची तक्रार आहे, आणि त्यांतले बरेच जण वाटेत त्याला सोडूनही गेले. या तक्रारीचे मला कधी आश्चर्य वाटले नाही. लोहाराचे काम शिकलेल्या मुलाच्या डोक्यावर ओझे देऊन त्याला रानातून वर्षानुवर्षे चालावयास लावले, तर तो कुरकुर करील. आणि ज्याने एकदा साखळीत बांधून तो रस्ता तुडविला आहे त्याला तर त्या झाडांची सावलीही नकोशी वाटेल. तरीही सात वर्षांनंतर, लिव्हिंग्स्टनच्या अखेरच्या दिवसांत, पहिल्यापासून टिकून राहिलेली जी पाच माणसे त्याच्यापाशी उरली, त्यांत सुसी, चुमा व अमोडा या त्याच्या जुन्या नोकरांबरोबर दोन नाशिकचे होते: एडवर्ड गार्डनर आणि मब्रुकी, म्हणजे नथानिएल कुंबा.

१८७२ साली, लिव्हिंग्स्टनला शोधून भेटून परतलेल्या स्टॅन्ले या वार्ताहराने किनाऱ्यावरून पन्नासांवर माणसांची जी कुमक आत धाडली तिच्यात नाशिकचे आणखी सहा तरुण होते. मॅथ्यू वेलिंग्टन आणि कारुस फॅरर त्यांतलेच, आणि जेकब वेनराइटही. १ मे १८७३ च्या पहाटे, आजच्या झांबियातील चितांबो या नायकाच्या गावी, लिव्हिंग्स्टन आपल्या खोपटात गुडघे टेकलेल्या अवस्थेत मृत आढळला. तेव्हा त्या अरण्यात कोणताही युरोपीय मनुष्य नव्हता, कोणताही हुकूम देणारा नव्हता. प्रेत तेथेच पुरून वेतनाची वाट धरली असती तरी त्यांना कोणी बोल लावला नसता. परंतु प्रेत त्याच्या देशी पोचविलेच पाहिजे असे त्यांनी आपापसांत ठरविले. जेकबने मृताच्या सामानाची लेखी यादी केली. आपल्याकडचा फौजदार ज्याला पंचनामा म्हणेल तोच हा दस्तऐवज, आणि तो लिहिणारा हात नाशिकच्या शाळेत वळण लागलेला. काळीज व आतडी काढून एका मोठ्या झाडाखाली पुरली, जेकबने तेथे अंत्यविधीची प्रार्थना वाचली, आणि झाडाच्या खोडावर नाव व तारीख कोरली. ती कोरलेली तारीख मात्र ४ मे आहे, आणि पुढच्या चरित्रकारांना तिने पुष्कळ खाद्य पुरविले. प्रेताला मीठ लावून दोन आठवडे उन्हात वाळविले, कापडात गुंडाळून झाडाच्या सालीच्या नळकांड्यात घातले, वर शिडाचे कापड शिवून डांबर फासले, आणि ते ओझे काठीला बांधून माणसे निघाली.

पुढचे नऊ महिने आणि दीड हजार किलोमीटरांहून अधिक वाट यांचे वर्णन येथे करण्यास जागा नाही, पण दोन गोष्टी सांगितल्याच पाहिजेत. ताबोराच्या आसपास त्यांना कॅमेरन नावाचा इंग्रज अधिकारी भेटला आणि त्याने प्रेत तेथेच पुरण्याचा सल्ला दिला. ज्यांना लहानपणी विकले होते अशा त्या माणसांनी तो सल्ला मानला नाही. आणि पुढच्या मुलखातले लोक प्रेत नेऊ देईनात, तेव्हा त्यांनी एक खोटी मोळी बांधून ती प्रेत म्हणून परत पाठविल्याचा देखावा केला व खरे ओझे कापडाच्या गठ्ठ्यासारखे करून पुढे काढले. १८७४ च्या फेब्रुवारीत ही मंडळी बागामोयोला पोचली. तेथे वेतन देऊन सर्वांची बोळवण झाली. मिशनने प्रवासखर्च दिला म्हणून एकटा जेकब वेनराइट प्रेताबरोबर इंग्लंडास गेला, आणि १८ एप्रिल १८७४ रोजी वेस्टमिन्स्टर ॲबेत लिव्हिंग्स्टनचे दफन झाले तेव्हा शवपेटीच्या मानकऱ्यांत तोही एक होता. सुसी आणि चुमा पोचले ते नंतर, सोहळा संपल्यावर. योगायोग असा की, त्याच दिवशी कोकणात मुरूडला धोंडो केशव कर्वे नावाच्या मुलाने वयाची सोळा वर्षे पुरी केली. हा मुलगा पुढल्या वर्षी परीक्षेसाठी मुरूडहून साताऱ्यास पायी गेला आणि वयाने लहान दिसतो म्हणून परत पाठविला गेला. कोथरूडकराला हा योगायोग सांगितल्यावाचून राहवत नाही, एवढेच त्याचे महत्त्व.

इकडे १८७३ साल आणखीही काही घडवीत होते. त्याच वर्षी पुण्यात जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ प्रसिद्ध करून ती अमेरिकेत दास्यविमोचन करणाऱ्या सज्जनांना अर्पण केली, आणि त्याच जूनमध्ये झांझिबारच्या बर्गाश सुलतानाने आपला गुलामांचा बाजार बंद करण्याच्या करारावर सही केली. तो करार घडवून आणण्यास इंग्रज सरकारने ज्याला धाडले होते तो सर बार्टल फ्रिअर हा आपल्या परिचयाचा. १८६२ ते १८६७ तो मुंबईचा गव्हर्नर होता, किल्ल्याचा कोट त्याच्याच अमदानीत पाडला गेला, आणि आपण ज्याला फ्लोरा फाउंटन म्हणतो त्या कारंज्याला आरंभी त्याचेच नाव होते. मुक्त झालेल्या गुलामांसाठी आफ्रिकेच्या किनाऱ्यावरच वसाहत काढावी आणि तिला शरणपूरची शिकलेली माणसे पुरवावीत, ही कल्पना त्याने उचलून धरली. १८७४ साली प्राइस मोंबासाला गेला, बेटासमोरच्या मुख्य भूमीवर जागा घेतली आणि फ्रिअरटाउन वसविले. नाशिकची मंडळी टप्प्याटप्प्याने तिकडे गेली, सगळी मिळून सुमारे दीडशे. शरणपूरचा आफ्रिकन आश्रम त्यानंतर उरला नाही.

मोंबासाच्या परिसरात या लोकांना ‘बाँबे आफ्रिकन’ म्हणत. इंग्रजी बोलणारे, युरोपीय कपडे घालणारे, हाताला कसब असणारे हे लोक स्थानिकांना परके वाटत, आणि गोऱ्या पाद्र्यांना ते बरोबरीने वागू पाहतात म्हणून खुपत. पगार गोऱ्यांपेक्षा कमी, जबाबदारी तेवढीच. फ्रिअरटाउनात एका अधीक्षकाने फटक्यांची शिक्षा इतकी सढळ केली की, १८८१ च्या सुमारास ब्रिटिश वकिलातीला चौकशी करावी लागली. दास्यातून सोडविलेल्यांच्या पाठीवर मुक्तिदात्यांच्या वसाहतीत चाबूक, ही गोष्ट प्रार्थनेच्या पुस्तकात कोठेच बसत नव्हती.

या कथेतला माझ्या मते सर्वांत मोठा भाग यापुढचा आहे, आणि तोच सर्वांत कमी सांगितला जातो. मोंबासाच्या वायव्येस टेकड्यांत रबई हे गाव आहे. क्राफ आणि रेबमान या दोन जर्मन पाद्र्यांनी १८४६ साली तेथे ठाणे केले. किलिमांजारोचे हिमशिखर पाहणारा पहिला युरोपीय हाच रेबमान. १८६४ पासून नाशिकची माणसे या ठाण्यावर येत होती: विल्यम जोन्स, इश्माएल सेम्लर, जॉर्ज डेव्हिड. १८८४ साली डेव्हिड वारला, आणि रबईचा कारभार जोन्सकडे आला. पुढल्या वर्षी बिशप हॅनिंग्टनने जोन्स व सेम्लर यांना धर्मोपदेशकाची दीक्षा दिली आणि जोन्सला बरोबर घेऊन तो युगांडाकडे निघाला. वाटेत जोन्सला बहुतेक तांड्यासह मागे ठेवून बिशप पुढे गेला आणि बुसोगात मारला गेला. १८८६ च्या फेब्रुवारीत जोन्सने तो तांडा रबईला सुखरूप परत आणला. तांड्याच्या पुढे एक निळे निशाण होते, आणि त्यावर पांढऱ्या अक्षरांत ‘इखाबोद’, वैभव गेले अशा अर्थाचा हिब्रू शब्द, लिहिला होता.

त्या काळी किनाऱ्यावरच्या अरब व स्वाहिली मळेवाल्यांचे गुलाम रात्री पळून डोंगरांत शिरत. स्वाहिलीत त्यांना ‘वातोरो’ म्हणत. मिशनचा लेखी नियम असा की, पळालेल्यांना ठाण्यावर थारा देऊ नये. मळेवाले बिथरतील, सुलतान रागावेल, सर्व कामच धोक्यात येईल. आणि असे असताना रबईत वातोरोंची खोपटी वाढत गेली, वर्षामागून वर्षे, शेतीसुद्धा लागली. जोन्सने त्यांना हाकलले नाही. ज्याला एकेकाळी परक्या जहाजाने सोडविले, परक्या पोलिसाने वाटून दिले, परक्या नावाने बोलाविले, तो माणूस आता स्वतः दाराशी उभा होता, आणि दार उघडायचे की नाही हे त्याच्या हाती होते. नाशिकला जी मुले आली ती खरे पाहता पळाली नव्हती. त्यांना कोणी तरी सोडविले होते, आणि सोडविणाऱ्याच्या उपकाराचे ओझे त्यांनी जन्मभर वाहिले. रबईत आले ते आपल्या पायांनी आले. त्यांच्यावर कोणाचाच उपकार नव्हता, आणि म्हणून जोन्सने त्यांना दिलेला आसरा मला शरणपूरच्या आसऱ्यापेक्षा वरच्या जातीचा वाटतो.

१८८८ साली प्रकरण हातघाईवर आले. मळेवाल्यांनी रबई जाळण्याच्या धमक्या दिल्या, तेव्हा ब्रिटिश ईस्ट आफ्रिका कंपनीचा मॅकेन्झी हा अंमलदार मध्ये पडला. मोजदाद केली तेव्हा सर्व ठाण्यांवर मिळून पळून आलेले चौदाशेच्या आसपास निघाले, त्यांतले बहुसंख्य एकट्या रबईत. मालकांना दरडोई मोबदला देऊन तगादा मिटविण्यात आला, आणि १ जानेवारी १८८९ रोजी वातोरोंच्या हाती स्वातंत्र्याच्या सनदा पडल्या. मोबदला मिळाला तो मालकांना, ही त्या काळची रीतच होती. त्या किनाऱ्यावर दास्याची कायदेशीर स्थिती संपुष्टात यावयास १९०७ साल उजाडले.

रबईत क्राफ व रेबमान यांची घरे आजही उभी आहेत आणि जुन्या चर्चमध्ये वस्तुसंग्रहालय आहे. फ्रिअरटाउनची घंटाही जपलेली आहे, आणि तिच्यावरून त्या भागाला केंगेलेनी, म्हणजे घंटेची जागा, असे नाव पडले आहे. नाशिकला नाव उरले ते रस्त्याचे. याचे कारण मी पुष्कळदा मनाशी शोधले, आणि ते मला हिंगण्याच्या झोपडीपाशीच सापडले असे वाटते. झोपडी टिकते ती तिच्या कुडांनी नव्हे; तिच्यात राहून गेलेल्यांच्या लेकीसुना आसपास राहतात, सणावाराला येतात, मुलांना आणून दाखवितात, गळले तर शाकारतात. शरणपूरची बिऱ्हाडे समुद्रापार गेली, आणि त्यांच्यामागे वारस म्हणून नाशिकात कोणी राहिला नाही. तेथे जे मराठी ख्रिस्ती राहिले त्यांच्या आठवणी वेगळ्या, त्यांची दुःखे वेगळी. आपण तर त्या घरात कधी गेलोच नव्हतो.

जेकब वेनराइट इंग्लंडातून परतल्यावर पुन्हा आफ्रिकेतच राबला आणि १८९२ साली उरांबो येथे वारला. मॅथ्यू वेलिंग्टन मात्र दीर्घायुषी झाला. उतारवयात तो मोंबासात राहत असे, आणि लिव्हिंग्स्टनचे प्रेत खांद्यावरून आणणाऱ्यांपैकी शेवटचा हयात माणूस म्हणून लोक त्याला पाहावयास येत. तो त्यांना चितांबोच्या गावची हकीकत सांगे, मिठाची, झाडाची, सालीच्या नळकांड्याची. १९३५ साली तो वारला. त्या वर्षी हिंगण्याचे कर्वे सत्त्याहत्तर वर्षांचे होते, आणि वेलिंग्टन ज्या नाशिकातून गेला होता तेथल्या त्याच्या शाळेविषयी त्याला विचारणारे मराठी माणूस मोंबासात कोणी भेटले असेल, असे काही वाटत नाही.